नातवाची के. टी.

गेल्या फाल्गुनांतली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले असावेत. म्हाताऱ्या माणसाची झोंप एकदां मोडली कीं मोडलीच. पाणी पिण्यासाठीं उठलों, तों माजघरांत उजेड दिसला. जाऊन पाहतों तर आमचा नातू टीपॉयवरचीं वर्तमानपत्रें, फुलदाणी व माझें चष्म्याचें घर बाजूस सारून बसलेला. टीपॉयच्या कांचेखालीं विजेचा दिवा, कांचेवर कोणा मित्राचा नकाशा, त्यावर याचा कोरा कागद, आणि खालून उजळलेल्या रेघा हा पेन्सिलीनें जशाच्या तशा वर उतरवून घेत होता. प्रथम मला कौतुकच वाटलें. एवढ्या रात्रीं मुलगा अभ्यास करीत आहे! जवळ बसून विचारलें, "हें कसलें चित्र रे?" तो दचकला आणि म्हणाला, "जी. टी. मारतोंय, अण्णा. उद्यां सबमिशन आहे."

जी. टी. म्हणजे ग्लास ट्रेसिंग, कांचेवरची नक्कल, हें मला त्याच्याकडूनच कळलें. चाळीस वर्षें शाळामास्तरकी केलेल्या माणसासमोर नातवानें नक्कल करावी आणि तिला इतक्या सहजपणें नांवहि असावें, याचा मला संताप आला. मी बोलणार, इतक्यांत तो खालच्या आवाजांत म्हणाला, "आधींच एक के. टी. आहे, अण्णा. ही शीट राहिली तर दुसरी लागेल."

आतां मी पडलों कोल्हापूरचा. आमच्याकडे के. टी. म्हणजे एकच, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. 'कोल्हापूर टाइप' या दोन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन सबंध महाराष्ट्रांतले पाटबंधाऱ्यांचे लोक त्याला के. टी. म्हणतात, आणि त्याचा आम्हांस थोडा अभिमानहि आहे. मीं विचारलें, "बंधाऱ्याचा आणि तुझ्या परीक्षेचा काय संबंध?" तो हंसला, आणि हंसतां हंसतां त्याचे डोळे भरून आले.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे त्यांना हा शब्द सांगावा लागणार नाहीं. एखाद्या विषयांत नापास झालेल्या विद्यार्थ्याला तो विषय मागें ठेवून पुढच्या वर्गांत जाण्याची जी मुभा मिळते, तिचें हें इंग्रजी आद्याक्षरांत रूप आहे. 'टर्म भरणें' हा वाक्प्रचार आपल्या आजोबापणजोबांच्या तोंडींहि होता, त्यांतलीच ही टर्म. नातवाची के. टी. यामिकी या विषयांत, म्हणजे इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्यें होती. निकाल लागून तीन आठवडे झाले होते. सूनबाईंना तें ठाऊक होतें. मला, माझ्या चिरंजीवांना व धाकट्या बंधूंना नव्हतें. अकरा माणसांचें आमचें घर, शेजारची मांजर व्याली तरी संध्याकाळपर्यंत सर्वांच्या कानीं जातें. आणि या पोरानें तीन आठवडे रोज आमच्या पंक्तीला बसून ही गोष्ट गिळून ठेवली होती. नापास झाल्यापेक्षां मला तें अधिक लागलें.

त्याला अभियांत्रिकीस घालण्याचें कसें ठरलें, तें प्रांजळपणें सांगतों. दहावीला गणितांत उत्तम गुण मिळाले, त्या वर्षींच्या गणपतींत सर्व कुटुंब जमलें होतें, आणि आरतीनंतरच्या पेढ्याबरोबर ठरलें. बंधु म्हणाले, मेकॅनिकल; चिरंजीव म्हणाले, कॉम्प्युटर; मीं आपला मोठेपणानें निवाडा दिला. मुलगा तेथेंच आरतीचें ताम्हन पुसत बसला होता. त्याला कोणीहि विचारलें नाहीं. पुढें दोन वर्षें शिकवणीवर्ग, सी. ई. टी., शतमानाचे आंकडे, प्रवेशाच्या फेऱ्या हें सारें यथाक्रम झालें, आणि शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेंतील एका महाविद्यालयांत त्याचें नांव लागलें. महाविद्यालयाचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जें घडलें त्यांत दोष असलाच तर आमच्या घराचा अधिक आहे.

पूर्वीं या बाजूच्या मुलास इंजिनिअर व्हावयाचें तर पुण्याची वाट धरावी लागे. तेथील संस्था १८५४ सालची. सार्वजनिक बांधकामाकडे हाताखालचे लोक तयार व्हावेत एवढ्याच हेतूनें ती निघाली आणि पुढें मुंबई विद्यापीठास जोडली गेली. म्हैसूरहून शिष्यवृत्तीवर आलेले विश्वेश्वरय्या तेथूनच १८८३ सालीं पहिले आले. सांगलीचें कॉलेज १९४७ मध्यें, कऱ्हाडचें सरकारी कॉलेज १९६० मध्यें निघालें. शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांच्या हस्तें १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं झालें; मी तेव्हां बालवर्गांत होतों. १९८३ नंतर खासगी महाविद्यालयांस परवानगी मिळाली, आणि पाहतां पाहतां प्रत्येक जिल्ह्यांत अभियांत्रिकीच्या इमारती उभ्या राहिल्या. मी १९७३ चा जुन्या अकरावीचा मॅट्रिक. आमच्या वर्गांतून त्या बाजूस एकच मुलगा गेला, व त्याच्या घरीं पेढे घेण्यास आम्ही सर्व गेलों होतों. आतां एका गल्लींत तीन इंजिनिअर निघतात, आणि पेढे मात्र त्याच भावानें मिळत नाहींत! असो.

त्या रात्रीं दिवा विझवून आम्ही दोघे अंधारांतच बसलों. तो बोलूं लागला तेव्हां मला समजलें कीं ज्या जगांत आपण मुलाला मोठ्या हौसेनें पाठविलें, त्याची आपणांस यत्किंचित् कल्पना नव्हती. शाळेंत तो पहिला. वर्गांत सत्तर मुलें, आणि त्यांतलें प्रत्येक आपापल्या शाळेंतलें पहिलें! "शाळेंत शिपायालासुद्धां माझें नांव ठाऊक होतें, अण्णा. येथें मी एक सीट नंबर आहें." प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, तपासणारा कोठला कोण, आणि तीन जिल्ह्यांतल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत याची एक. हा कोणाचा अपराध नव्हे. एवढ्या लोकांस शिकवावयाचें तर दुसरें कसें होणार? परंतु ज्याला मास्तरांनीं नांवानें हांक मारलेलीच माहीत, त्याला हें पाणी प्रथम फार थंड लागतें.

दुसरी गोष्ट भाषेची. हा शिकला मराठी शाळेंत. बल, भार, घर्षण, आघूर्ण हे शब्द त्याला चांगले अवगत. पण तासाला अध्यापक 'मोमेंट' म्हणाले तेव्हां पहिले दोन दिवस त्याला वाटलें कीं क्षणाविषयीं कांहीं चाललें आहे. विचारावें, तर मागच्या बांकावरचीं इंग्रजी शाळेंतलीं मुलें हंसतील. म्हणून विचारलें नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत न विचारलेल्या गोष्टी दहा झाल्या, महिन्यानें त्यांची गणती राहिली नाहीं. खरें पाहतां हें शास्त्र मराठींत शिकवितां येत नाहीं असें नव्हे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं, १८२३ च्या सुमारास, मुंबईंत कॅप्टन जार्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्यानें देशी मुलांसाठीं इंजिनिअरिंगची शाळा चालविली होती, आणि तिच्यासाठीं गणिताचीं पुस्तकें मराठींत तयार केलीं होतीं. पुढें ती शाळा बंद झाली. २०२१ मध्यें अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें देशी भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी दिली, आणि महाराष्ट्रांत एक मराठी वर्गहि निघाला. मध्यंतरीं गेलेल्या दोनशें वर्षांचें काय करावें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पहावें. आमच्या घरीं मीं दुसऱ्या दिवशीं एक वही केली. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. 'मोमेंट' हा पहिला.

आतां जी गोष्ट लिहितांना हात थोडा अडखळतो, तिच्याकडे वळतों. विद्यापीठाकडे अर्ज केला असतां आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते. नातवानें ती मागविली होती आणि उशीखालीं ठेवली होती. ती त्यानें मला दाखविली. मी गणितांतला नव्हे, संस्कृतांतला माणूस. तरी मास्तर तो मास्तर. अक्षर पाहून प्रथम जीव सुखावला. वळणदार, टपोरें, तें मींच घोटून घेतलें होतें. एका प्रश्नांत भिंतीला टेकविलेली शिडी होती. शिडी घसरूं नये म्हणून जमिनीचें घर्षण किती असावें, असा कांहींसा तो हिशेब. नातवानें पूर्ण पान भरून उत्तर लिहिलें होतें, एक अक्षर खोडलेलें नाहीं, आणि त्याला जवळजवळ शून्य गुण होते.

"अरे, चुकलें कोठें?" मीं विचारलें. तो म्हणाला, "वर्गांत सोडविलेल्या उदाहरणांत भिंत गुळगुळीत होती. परीक्षेंत खरबरीत दिली आणि शिडीच्या मध्यावर माणूस उभा केला. मला गुळगुळीत भिंतीचें पाठ होतें. मीं तेंच लिहिलें."

वाचकहो, मी त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिलों. याला पाठांतर कोणीं शिकविलें? तीन वर्षांचा असतांना मांडीवर बसवून स्तोत्रें, पांचव्या वर्षीं शब्दरूपावलि, सातव्या वर्षीं अमरकोशाचे वर्ग. पाहुणे आले कीं मी त्याला पुढें करीं, आणि तो एका दमांत म्हणून दाखवी. प्रश्न कोणताहि येवो, पाठ असेल तें धडाधड म्हणावें, म्हणजे शाबासकी मिळते; ही संवय या पानावर उतरली होती. टीपॉयच्या कांचेखालचा दिवा तर परवांचा. माझ्या शाळेंत तो फार आधींपासून जळत होता.

पाठांतराची मी निंदा करीत नाहीं. या वयांत तें शक्य नाहीं. परंतु आपल्याच शास्त्रकारांनीं अर्धें काम पाठांतरावर सोंपविलें होतें, पुरें नव्हे. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणि ११५० सालचा. लीलावतींतील नियम श्लोकबद्ध, तोंडीं राहण्यास सोपे. पण नियम असाच कां, हें सांगणारी उपपत्ति वेगळी, आणि ती शिकल्यावांचून गणित आलें असें कोणी म्हणत नसे. कोंकणांतल्या नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं सोळाव्या शतकांत लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, तिचें महत्त्व या उपपत्तींसाठींच आहे. हें मला ठाऊक होतें. पाठशाळेंत आमच्या गुरुजींनीं सांगितलें होतें. मीं मात्र नातवाला श्लोक दिले आणि उपपत्ति दिली नाहीं, कारण ती मला स्वतःलाच पुरती येत नव्हती. भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून खानदेशांत पाटण येथें मठ स्थापिला, असा १२०७ चा शिलालेख आहे. आमच्याकडे गाडी उलट्या दिशेनें चालली; आजोबांनीं शिकविलेलें नातवाला विसरावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं ही गोष्ट घरांत मींच सांगितली. बंधु म्हणाले, "आपल्या घराण्यांत आजवर कोणी नापास झालें नाहीं." यावर आमच्या घरांतून, म्हणजे स्वयंपाकघरांतून, आवाज आला कीं, भावोजी, तुम्ही इंटरला बसलांच नव्हतां, म्हणून! तो विषय तेथेंच संपला. चिरंजीवांनीं शिकवणीवर्ग लावण्याचें सुचविलें. मुलानें प्रथमच तोंड उघडून नाहीं म्हटलें. त्याला एक मित्र मिळाला होता.

हा मित्र उद्यमनगरांतला. त्याच्या वडिलांचें लेथ मशिनचें लहानसें वर्कशॉप आहे. ज्या कोल्हापुरांत बाबूराव पेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच्या हातांनीं बनविला, त्या गांवची ही जात. मुलगा लहानपणापासून कातकाम पाहत आलेला. कोणता सुटा भाग कोठें ताण खाईल व कोठें मोडेल, हें त्याला हातांत घेऊन कळतें. पण इंग्रजी वाक्य दिसलें कीं त्याला घाम फुटतो. वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा तुकडा कानशीनें घांसून काटकोनांत आणावयाचा असतो. आमच्या नातवाच्या तळहाताला फोड आले व तुकडा वांकडाच राहिला. या मित्रानें कानस कशी धरावी, भार पुढें जातांना द्यावा व मागें येतांना सोडावा, हें दाखविलें. त्याच्या मोबदल्यांत हा त्याला इंग्रजी उतारे फोडून सांगूं लागला. त्याला तो विचारी, "पण असें कां?" आणि यानें पाठ केलेलें उत्तर दिलें कीं म्हणे, "तें पुस्तकांत आहे रे. कां, तें सांग." एवढ्या मोठ्या विद्यापीठांत मुलें आपलें गुरुकुल असें स्वतःच बांधून घेतात, कधीं राजाराम तलावाच्या कांठीं, कधीं कॉलेजच्या कँटीनमध्यें एका चहावर दोन तास, परीक्षा जवळ आली कीं आमच्या माडीवर. सौभाग्यवती दोघांना रात्रीं पोहे करून देत. त्या पोह्यांवर किती यामिकी शिजली, याचा हिशेब विद्यापीठाकडे नाहीं.

ती कांचेवरची शीट त्यानें दुसऱ्या दिवशीं तशीच दिली, हेंहि सांगून टाकतों. मीं मनाई केली नाहीं. मात्र तोंडी परीक्षेच्या वेळीं अध्यापकांनीं शीटवर बोट ठेवून विचारलें, शंकू तिरपा कापला असतां छेद असा कां येतो? उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां आमच्या स्वयंपाकघरांत कोशिंबिरीची काकडी चिरली जात होती, ती आजीनें उभी, आडवी, तिरपी कापून त्याच्यापुढें धरली. काकडी कांहीं शंकू नव्हे; पण तिरप्या कापाचा लंबगोल त्याच्या ध्यानांत आला, आणि निदान कागदावरची रेघ ही कशाची तरी आहे, एवढें पटलें. ड्रॉइंग मात्र त्या सत्रांत मागेंच राहिलें.

वैशाखांत परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत तो मला मोटारसायकलवर बसवून कसबा बावड्याकडे राजाराम बंधाऱ्यावर घेऊन गेला. पंचगंगेला पूर आला कीं साऱ्या कोल्हापूरचे कान या बंधाऱ्याकडे लागतात. एकुणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस फूट म्हणजे धोका, हें आमच्याकडे पोरासोरांस पाठ. त्या वेळीं पाणी उन्हाळ्याचें, बरगे घातलेले, आणि वरच्या अंगाला नदी स्वस्थ तुंबून राहिलेली. बंधाऱ्याच्या खांबांतल्या खांचांमध्यें पावसाळा संपला कीं बरगे बसवितात व पुन्हां पावसापूर्वीं काढून घेतात, म्हणजे पूर अडत नाहीं.

"अण्णा, ही खरी के. टी.," तो म्हणाला, आणि वाळूंत काडीनें आकृति काढूं लागला. "पाण्याचा दाब वर शून्य. जसजसें खोल जावें तसतसा वाढतो. एक हात खालीं एकपट, दोन हात खालीं दुप्पट. काढून पाहिला कीं हा त्रिकोण झाला. त्रिकोणाचें क्षेत्रफळ तुम्हींच शिकविलेंत. आतां खोली दुप्पट करा. पाया दुप्पट, उंचीहि दुप्पट. म्हणजे एकंदर जोर किती?"

"चौपट," मी म्हणालों.

"आणि तो जोर जणूं एका ठिकाणीं लागतो. कोठें? त्रिकोणाच्या गुरुत्वमध्याच्या पातळीवर, तळापासून एक तृतीयांश उंचीवर. ती उंचीहि दुप्पट झाली. तेव्हां बंधारा उलथविण्याची शक्ति आठपट. हाच मोमेंट, अण्णा. क्षण नव्हे." आणि तो मोठ्यानें हंसला. "तरी उंच बंधारा तळाशीं एवढा रुंद कां बांधतात, कळलें?"

मला कळलें. एकुणसत्तराव्या वर्षीं, वाळूंत बसून. पण मास्तराची खोड जात नाहीं. मीं विचारलें, "पूर येतो तेव्हां बंधाऱ्याच्या पलीकडेहि पाणी चढलेलें असतें. तें इकडे ढकलणार नाहीं का? मग तुझा आठपट जोर कोठें गेला?"

तो थांबला. काडीनें दुसऱ्या बाजूला आणखी एक त्रिकोण काढला, दोन्हींकडे आळीपाळीनें पाहिलें, आणि म्हणाला, "हें माझ्या लक्षांत आलें नव्हतें. उद्यां सरांना विचारतों." विचारलेंहि. सर तासानंतर अर्धा तास फळ्यापाशीं थांबले. दोन्ही बाजूंच्या दाबांची वजाबाकी करावयाची असते, आणि पुरांत बरगे काढण्याचें मुख्य कारण पाण्याची वाट मोकळी ठेवणें हें, असें त्यांनीं समजावून दिलें. त्यांनीं याचें नांव विचारून घेतलें, असें नातवानें घरीं आल्यावर दोनदां सांगितलें.

निकाल आषाढांत लागला. आम्ही रात्रीं जेवावयास बसलों होतों. त्यानें मोबाइल पाटाशेजारीं ठेवला आणि सर्वांच्या देखत म्हणाला, "मेकॅनिक्स सुटली. ड्रॉइंगची के. टी. लागली आहे."

कोणी कांहीं बोललें नाहीं. बंधूंनीं वाटींतलें ताक संपविलें, मिशा पुसल्या, आणि विचारलें, "कोणत्या आकृतींत अडलास?"